भोंग्याचं घड्याळ मागे का पडलं

गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव चिकटायला दोन कारणं होती. पहिलं म्हणजे तो गिरणीत टाइमकीपर होता आणि गिरणीचा भोंगा उभा जन्म त्याच्याच हाताने वाजला. दुसरं म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज. जेवताना तो बायकोला साधं “मीठ दे” म्हणाला, तरी शेजारच्या घरातला माणूस दचकून मिठाची बरणी उचलायचा.

गिरणीच्या फाटकाशी त्याची खोली होती. खोलीत एक टेबल, एक डुगडुगणारं स्टूल आणि भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ. घड्याळाला दर आठवड्याला चावी द्यायची, काच पुसायची आणि काट्यांवर डोळा ठेवून भोंग्याची साखळी ओढायची, हे त्याचं काम. साखळी ओढली की माणसांचा लोंढा फाटकातून आत, पुन्हा ओढली की बाहेर. एवढी माणसं आपल्या एका हिसक्यासरशी हलतात हे रोज बघितल्यावर कोणाच्याही डोक्यात हवा जाईल. भोंग्याच्या डोक्यात ती जरा जास्तच गेली होती. रेडिओवर बातम्या लागल्या की तो आधी स्वतःच्या मनगटाकडे बघायचा आणि मग म्हणायचा, “बरोबर आहे रेडिओ.”

लंबकाबद्दल मात्र त्याला खरोखर कळत होतं, आणि ते तो कोणालाही सांगायला तयार असे. ऐकणाऱ्याची तयारी आहे की नाही, हे बघायची त्याला गरज वाटत नसे. दूधवाल्याच्या सायकलचं हँडल धरून तो सुरू व्हायचा.

“हे बघ, झोपाळ्यावर जाडा बसू दे नाहीतर लुकडा, एका हेलकाव्याला वेळ तेवढाच लागतो. का? तर झोपाळ्याला वजन कळत नाही. त्याला फक्त दोरीची लांबी कळते. दोरी लांब, तर हेलकावा सावकाश. दोरी आखूड, तर झटपट. लंबकाचं तेच.”

“हो, पण दूध...”

“थांब. आता तू म्हणशील, झोपाळा तर हळूहळू थांबतो, मग घड्याळ कसं थांबत नाही?” दूधवाला असलं काही म्हणालेला नसे. “आत एक दातेरी चाक असतं. चावी दिलेली स्प्रिंग त्याला पुढे रेटत असते. लंबक एकेका हेलकाव्याला चाकाचा एकच दात सोडतो, आणि सुटता सुटता तो दात लंबकाला बारीकसा धक्का देऊन जातो. लंबक चाकाला आवरतो, चाक लंबकाला जागं ठेवतं. टकटक ऐकू येते ना, ती त्या दातांची. उन्हाळ्यात लंबकाची सळई तापून केसभर वाढते आणि घड्याळ मागे पडतं. मग लंबकाच्या टोकाला जी तबकडी असते, तिच्याखालची चाकी फिरवून ती जरा वर घ्यायची. लांबी कमी, चाल वाढली. कळलं?”

दूधवाला “कळलं” म्हणायचा, कारण दूध नासायची वेळ आलेली असे.

आता असल्या माणसाला भाऊ कसा मिळावा? धाकटा भाऊ शिंपी होता. शिवण अशी देखणी, की कपडा उलटा करून बघितला तरी सुलट वाटावा. पण कपडा मिळेल तेव्हा ना! गिऱ्हाईक दारात आलं की त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, “उद्या.” आणि तो शब्द तो इतक्या गोड हसून, इतक्या खात्रीने उच्चारायचा, की माणूस परतून अर्ध्या रस्त्यात पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं, अरे, हा कालही हेच म्हणाला होता. गल्लीने त्याला उद्याशेठ करून टाकलं होतं.

दोघे भाऊ, दोघांच्या बायका, एकाच घरात राहत होते. वडिलांनी दोघांना आपापल्या लग्नात एकेक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, एकाच दुकानातलं, एकाच नमुन्याचं, हातभर लंबकाचं. पण भिंतीवर चालायचं ते थोरल्याचंच. “एका घरात दोन वेळा नकोत,” असा त्याचा हुकूम होता. धाकट्याचं घड्याळ घोंगडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलेलं असे, आणि धाकट्याला त्याची गरजही नव्हती. त्याला वेळ सांगायला थोरला होता. “उठ, वाजले किती बघ!” इथपासून “झोप आता!” इथपर्यंत सगळी वेळ त्याला भावाच्या तोंडून फुकट मिळायची. धाकटा “हो दादा” म्हणायचा आणि कूस बदलायचा. अशी त्यांची वर्षं सुखात गेली होती. भांडणही त्यांच्या सुखातच मोडत होतं.

घात केला तो कोटाने. भोंगा निवृत्त व्हायचा होता. गिरणीत निरोप समारंभ ठरला, आणि समारंभासाठी कोट शिवायचा तर तो घरच्याच शिंप्याकडून, हे ओघानेच आलं. कापड महिनाभर आधी आणून दिलं. धाकट्याने माप घेतलं, खडूने खुणा केल्या, डोळे भरून म्हणाला, “दादा, तुझा कोट म्हणजे माझ्या हातचं सगळ्यात भारी काम होणार.” आणि मग महिनाभर रोज उद्या. समारंभाच्या दिवशी सकाळी कोट तयार होता, फक्त उजव्या बाहीला कच्चे टाके होते. “हात जास्त वर करू नकोस,” धाकटा म्हणाला, “आल्यावर पक्का करून देतो.”

भोंग्याने हात वर केला नाही. भाषणं झाली, पुष्पगुच्छ झाला, हात खालीच. पण शेवटी मालक म्हणाले, आता तुम्ही अखेरचा भोंगा वाजवा. साखळी उंचावर. सगळी गिरणी समोर उभी. त्याने हात वर नेला, साखळीला हिसका दिला, आणि भोंगा वाजायच्या आधी बाही सुटली. हात खाली येताच ती कोपरावरून घरंगळत मनगटाशी येऊन बसली, आणि आतला काखेत उसवलेला सदरा अख्ख्या गिरणीला दिसला. भोंगा वाजला, पण लोकांच्या हसण्यात तो कोणाला ऐकू आला नाही.

घरी येऊन तो प्रथमच हळू आवाजात बोलला. “आजपासून तू तिकडे, मी इकडे.” धाकटा सुईदोरा घेऊनच दारात उभा होता. त्याला वाटलं, चेष्टा आहे. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि मोठ्या खोलीच्या मधोमध फळ्यांची पार्टिशन उभी राहिली.

घराच्या बाकीच्या भिंती दगडी. खिळा ठोकावा तर खिळाच वाकायचा. थोरल्याच्या घड्याळाची जुनी खुंटी नेमकी धाकट्याच्या वाटणीत गेली, तेव्हा त्याने घड्याळ उतरवलं आणि पार्टिशनवर लावायचं ठरवलं. तो काहीही कच्चं करत नसे. गिरणीतून आणलेला वीतभर लांब खिळा त्याने फळीत असा हाणला, की पलीकडे धाकट्याच्या कपाटावरचे रिळांचे डबे गडगडले. घड्याळ लावलं, ओळंबा धरून सरळ केलं, लंबक सोडला. काही वेळाने पलीकडूनही एक टकटक ऐकू यायला लागली. धाकट्याने ट्रंकेतलं घड्याळ काढलं होतं. त्याला आता वेळ सांगणारं कोणी नव्हतं.

बोलणं बंद झालं ते झालंच. जावा मागच्या दारी नळावर भेटायच्या, तिथे सगळी बातमी इकडची तिकडे व्हायची. पण भावांमध्ये शब्द नाही. भोंग्याला भावाचा राग होता, आणि त्याहून जास्त भावाची सवय होती. सकाळी उठल्यावर “उठ, वाजले किती बघ!” हे तोंडात यायचं आणि ते गिळावं लागायचं. गिळलेलं पचत नसे.

रिकामपण घालवायला त्याने दारात रुळाचा एक तुकडा टांगला होता. सकाळी शाळेच्या वेळेला तो हातोडीने त्यावर ठोके द्यायचा. कोणी सांगितलं नव्हतं, पण गल्लीला सोय झाली. ठोके पडले की पोरं दप्तर उचलायची आणि आया निर्धास्त व्हायच्या. गिरणी हातची गेली, तरी एवढी गल्ली त्याच्या हातात राहिली होती, आणि त्यावर तो तरून होता.

आणि एके दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका दारात आल्या. बाई फार सभ्य. आधी तब्येत विचारली, मग हवापाणी झालं, मग त्या म्हणाल्या, “काका, एक विचारू? तुमच्या गल्लीतली मुलं हल्ली रोज उशिरा येतात. सगळी एकदम. विचारलं तर म्हणतात, भोंगाकाकांनी आत्ता वाजवलं.”

भोंग्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने शेजाऱ्याचा रेडिओ मागून आणला, आणि आयुष्यात पहिल्यांदा रेडिओला विचारून घड्याळ बघितलं. घड्याळ चांगलंच मागे होतं. काटे बोटाने सरकवणं त्याच्या लेखी लबाडी होती. आजारी माणसाच्या गालाला लाली लावावी तसलं काम. एकदा त्याने नाइलाजाने ते केलं, मग चाकी फिरवून तबकडी जरा वर घेतली आणि वाट बघितली. एक-दोन दिवस घड्याळ नीट चाललं आणि पुन्हा मागे. पुन्हा चाकी. पुन्हा मागे. तेल झालं, साफसफाई झाली, ओळंबा झाला. लंबकाला फक्त लांबी कळते, आणि लांबी तर आपण कमी करतोय, मग हा गाढव ऐकतो कोणाचं? जेवण उतरेना. पोरांना त्याने सांगून टाकलं, माझ्या ठोक्यांवर विसंबू नका. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की पोरांनी “काय?” म्हणून पुन्हा विचारलं.

मग एका दुपारी पलीकडे शिलाई मशीन धडधडायला लागलं आणि त्याने ताडकन मांडीवर थाप मारली.

“सापडलं! ह्याच्या मशीनने फळ्या हादरतात. माझा लंबक बिचकतो. मुद्दाम करतो हा!”

“मुद्दाम?” बायको म्हणाली. “अहो, पोट भरायला मशीन चालवतात भाऊजी.”

“आजवर कधी एवढं चालवलं होतं त्याने? हल्ली सकाळपासून धडधड. हल्ली म्हणे तो कपडे वेळेवर देतो! माझ्या घड्याळाचा बळी घेऊन देतो. ते काही नाही. फळ्या काढायच्या आणि विटांची भिंत घालायची. ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत.”

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. “फळ्या आहेत तोवर निदान भाऊजींची खोकल्याची ढास ऐकू येते तुम्हाला,” ती म्हणाली. “रात्री ती थांबेपर्यंत तुम्ही झोपत नाही, मला दिसतं ते. विटा घातल्या की तेवढंही जाईल. मग कशाची वाट बघणार आहात?”

भोंगा उठला आणि गवंड्याला पुढच्या आठवड्याचं सांगून आला.

पण माणसाला आरोपी रंगेहाथ धरायची हौस असते. पार्टिशनच्या एका फळीतली गाठ सुकून निसटली होती, तिथे बोटभर भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू व्हायच्या बेताला भोंगा वाकला आणि त्याने भोकाला डोळा लावला. पलीकडे काळोख होता. मग काळोखाची पापणी लवली.

दोघेही एकदम मागे सरले. पलीकडे काहीतरी पडलं, बहुतेक कात्री.

“डोकावतोस काय माझ्या घरात?” भोंगा ओरडला.

“आणि तू काय करत होतास, दादा?”

किती दिवसांनी “दादा” कानावर पडलं, आणि थोरल्याने पुन्हा भोकाला डोळा लावला. धाकटा बाजूला झाला होता. समोरच कपडे घालून बघायचा उभा आरसा होता, आणि आरशात पार्टिशनवरचं धाकट्याचं घड्याळ दिसत होतं. भोंग्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“पावणेचार! अरे, सकाळी पावणेचार वाजलेत तुझ्याकडे! माझं मागे असेल, पण तुझं घड्याळ तर वेड्यांच्या इस्पितळात टाकायला हवं.”

“तू आरशात बघतोयस,” धाकटा शांतपणे म्हणाला. “उलटं दिसतं ते. सव्वाआठ झालेत.”

भोंग्याने मान वर करून आपलं घड्याळ बघितलं. सव्वाआठच. काटा न काटा तोच. त्याने पुन्हा भोकातून बघितलं, पुन्हा वर बघितलं. त्याचा लंबक खिडकीकडे गेला की आरशातला दाराकडे जायचा. हा दाराकडे, तो खिडकीकडे. एकदाही चूक नाही.

“माझी तक्रारच ती आहे,” पलीकडून आवाज आला. “दादा, हे घड्याळ आधी कसं माझ्यासारखं होतं, निवांत. ट्रंकेतून काढलं तेव्हा आरामात मागे पडायचं. काटे तुझ्या ठोक्यांवर लावायचे आणि मी आपला त्याच्या भरवशावर. आता ते पळतंय. त्याच्याकडे बघून मी लवकर बसतो, कपडे ठरल्या दिवशी होतात, आणि गिऱ्हाइकांना सवय लागली! काल एक जण ‘आज मिळेल ना?’ म्हणून खरंच आज आला. मी चाकी खाली खाली करतोय, तरी हे ऐकत नाही. वाटलं, तूच भिंतीतून काहीतरी करतोयस. म्हणून भोकाशी आलो.”

“तू चाकी खाली करतोयस?”

“रोज थोडी.”

“आणि मी रोज थोडी वर करतोय,” भोंगा म्हणाला. त्याच्या डोक्यात काहीतरी हललं. “तुझं घड्याळ नेमकं कुठे लावलंयस?”

“रागावू नकोस, दादा. तू खिळा हाणलास ना, त्याचं टोक इकडे दोन बोटं बाहेर आलं होतं. जुन्या खुंटीवर गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले, आणि हे आयतं होतं. मी त्यालाच अडकवलं.”

भोंगा होता तसा, बनियनवर, गल्लीत बाहेर पडला. समोरच्या ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. तो आपल्या दारातून निघाला आणि धाकट्याच्या दारात शिरला. त्याच्या भावजयीने घाईघाईने स्टुलावरची कापडं उचलली, पण तो बसलाच नाही. सरळ पार्टिशनपाशी गेला आणि फळीवर पंजा टेकवला. फळी टकटकीसरशी अगदी बारीक थरथरत होती. एका खिळ्यावर दोन घड्याळं, अलीकडे एक, पलीकडे एक.

“अरे गाढवा,” तो म्हणाला, “हा लंबक हलताना खिळ्याला ओढतो. खिळा पलीकडच्या लंबकाला ओढतो. दोघे एकमेकांना ढकलून ढकलून एका चालीवर आलेत. माझ्या लंबकाला तुझ्याने मागे ओढलं, तुझ्याला माझ्याने पुढे.”

“एवढ्याशा धक्क्याने?”

“झोपाळ्याला एक बोट लावून बघ. रोज, वेळेवर लाव. बघ कुठे जातो!” बोलता बोलता तो सवयीने दूधवाल्याच्या सायकलचं हँडल धरावं तसा धाकट्याच्या मशीनचं चाक धरून उभा राहिला होता. “खात्री करू. मी तुझा लंबक थांबवतो आणि असा सोडतो, की दोन्ही एकदम खिडकीकडे जातील. तू माझ्या बाजूला जा आणि ओरडून सांग.”

धाकटा गेला. वहिनीने त्याला दारात बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग गल्लीला ऐकू आलं ते असं. थोरला धाकट्याच्या घरातून ओरडतोय, “खिडकी! दार! खिडकी! दार!” आणि धाकटा थोरल्याच्या घरातून ओरडतोय, “खिडकी! दार! खिडकी! दार!” गल्लीने ठरवून टाकलं, की नव्या भिंतीत खिडकी ठेवायची की दार, यावरून दोघांची जुंपली आहे, आणि ते भांडणाच्या भरात घरंही चुकलेत.

जावांनी दोन्हीकडे चहा आणून ठेवला. तो निवला. ओरडून ओरडून दोघांचे घसे बसत आले, आणि मग हळूहळू आवाज एकावर एक पडेनासे झाले. थोरला “खिडकी” म्हणायच्या आत धाकट्याचं “खिडकी” यायला लागलं. मग आणखी आत. शेवटी थोरला “खिडकी” म्हणाला त्याच क्षणी धाकटा “दार” म्हणाला, आणि पुढे तसंच चाललं. कोणी हात लावला नव्हता.

“बघितलंस?” भोंगा बसलेल्या घशाने ओरडला. “बघितलंस का?”

“बघितलं, दादा!”

इतका आनंद त्याला निवृत्तीनंतर झाला नव्हता. पण आनंद ओसरल्यावर तो आपल्या घरी परतला, धाकटा आपल्या घरी गेला, आणि आता काय, हा प्रश्न मधे उभा राहिला. भोंगा भोकातूनच म्हणाला, “तू चाकी एक आटा वर घे. फार खाली नेलीयस.” धाकट्याने घेतली. दोन दिवसांनी थोडी आणखी घ्यायला लावली. रोज रेडिओ लावून थोरला बघायचा आणि भोकातून हुकूम सोडायचा, “जरा वर. बस. हात काढ.” आठवड्याच्या आत दोन्ही घड्याळं रेडिओबरोबर चालायला लागली. पोरं पुन्हा ठोक्यांवर शाळेत पोचायला लागली.

“गवंड्याला नको म्हणून सांगितलंत का?” बायकोने विचारलं.

“बघू,” तो म्हणाला.

बघण्यासारखं होतंच. भोंगा मूर्ख नव्हता. त्याला कळत होतं, की त्याचं घड्याळ आता बरोबर चालतंय, पण ते बरोबर नाही. त्याची चाकी अजून वर चढलेली होती. एकटं सोडलं तर ते पुढे पळालं असतं. धाकट्याचं एकटं सोडलं तर मागे लोळलं असतं. एक जेवढं पुढे तेवढंच दुसरं मागे, म्हणून खिळ्यावर दोघांची वेळ जमत होती. ज्या माणसाने जन्मभर कोणाच्या मदतीशिवाय वेळ पाळली, त्याचं स्वतःचं घड्याळ आता भावाने टेकू दिला तरच खरं बोलत होतं. हे त्याला बोचत होतं. भिंत घातली, चाकी फिरवली, की पुन्हा तोच, एकटा, अचूक. तो रोज त्या चाकीकडे बघायचा. हात लावत नव्हता, आणि गवंड्याला निरोपही धाडत नव्हता.

ठरल्या दिवशी गवंडी हातगाडीभर विटा घेऊन दारात आला. पलीकडे मशीन चालू होतं.

“काय साहेब, शेवटी काय ठरलं?” गवंड्याने विचारलं. “गल्लीत म्हणतात, खिडकीचा वाद आहे. खिडकी ठेवायची की दार?”

“आधी आत ये,” भोंगा म्हणाला. त्याने गवंड्याला घड्याळासमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. खिळा सांगितला, लंबक सांगितला, खिडकी-दार सांगितलं. गवंडी विटांकडे बघत ऐकत होता. “म्हणजे माझं एकट्याचं घड्याळ आता चूक आहे. त्याचंही चूक आहे. दोन्ही एका खिळ्यावर आहेत, तोवर बरोबर.”

“बरं,” गवंडी म्हणाला. “मग भिंत झाली की तुमचं तुम्ही बरोबर करून घ्या. करता येतं ना?”

“येतं की. त्यात काय? चाकीचा एक आटा फिरवला की झालं.”

“मग फिरवा आणि मला जागा रिकामी करून द्या. ऊन चढायच्या आत पाया धरतो.”

भोंगा घड्याळापाशी गेला. त्याने काचेचं दार उघडलं. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तबकडीखाली दोन बोटं नेऊन तो तसाच थांबला, आणि लंबक त्याच्या बोटांना वारा घालत इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. पलीकडे धाकट्याला खोकल्याची ढास लागली. मशीन थांबलं. ढास बरीच लांबली आणि मग ओसरली. थोरल्याने हात काढून घेतला आणि काचेचं दार लावलं.

“मला नाही करायचं,” तो म्हणाला.

“काय?”

“बरोबर. एकट्याचं. मला नाही करायचं!” हे मात्र तो गिरणीच्या आवाजात म्हणाला, आणि गल्लीतली माणसं दारात आली. “विटा घेऊन जा. माझा भाऊ आहे तिकडे. मला त्याच्यावाचून करमत नाही, आणि हे मी सांगितलं म्हणून माझं काय जाणार आहे?”

गवंडी पुटपुटत बाहेर गेला आणि विटांची गाडी वळवायला लागला. पार्टिशनच्या भोकात एक डोळा येऊन थांबला होता, आणि तो भरलेला होता. भोंग्याने खाली वाकून त्याच्याकडे बघितलं. आपलेही डोळे तसेच झालेत, हे त्याने लपवलं नाही.